चार बोटं आत, अंगठा बाहेर

१

ज्याला बहिरी ससाण्याचा उडता फोटो हवा असतो, त्याचे पाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत. एक डोळा कॅमेऱ्याला, मान वर, आणि बहिरी डोक्यावरून गेली की माणूस तिच्यामागे भोवऱ्यासारखा फिरतो. पाय कुठे पडताहेत हे बघायला उरतो कोण? बाकीचे पक्षी बिचारे आपली सोय बघतात, फांदीवर बसून मान वळवून दाखवतात. बहिरी पंख मिटून कबुतरावर कोसळते तेव्हा तिचं तुमच्या फोटोशी काही देणंघेणं नसतं.

हे सगळं शंतनूला प्रणवने शिकवलं. शंतनू मूळचा सांगलीचा, पीथमपूरच्या एका कंपनीत माल तपासून पास-नापास करणारा इंजिनियर, इंदुरात एकटा राहणारा. प्रणव अस्सल इंदुरी मराठी. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते हे तो कचोरी खातानासुद्धा सांगायचा, जणू ते ऐकून कचोरीवाला शेव जास्त घालणार होता. शाळेत गणित शिकवायचा, आणि थंडी पडली की दर रविवारी सकाळी माणसातून उठायचा.

त्यांची जागा ठरलेली होती. पोलोग्राउंडला प्रणवच्या मामांचा नट-बोल्टचा कारखाना होता, कधीचाच बंद पडलेला. पुढेमागे आणखी एक मजला चढवू म्हणून मामांनी गच्चीला कठडा घातलाच नव्हता. मजला काही चढला नाही, मामा मुलाकडे पुण्याला गेले आणि गच्ची तशीच राहिली, चारी बाजूंनी उघडी. समोर एका जुन्या गिरणीचं धुराडं. हिवाळ्यात त्या धुराड्याच्या काठावर बहिरी येऊन बसायची. खाली शेडच्या पत्र्यांवर कबुतरांची जत्रा भरलेली असायची.

कठडा नाही म्हणून प्रणवने नियम केला होता. एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून त्याचा कमरेचा पट्टा धरायचा, डाव्या अंगाला. चार बोटं आत, अंगठा बाहेर. फोटो काढणाऱ्याने विचारायचं, "धरलं?" मागच्याने म्हणायचं, "धरलंय." हे झाल्याशिवाय कोणी कॅमेऱ्याला डोळा लावायचा नाही. एक झेप तुझी, एक माझी.

"लग्नात माझा हातपण इतका घट्ट नव्हता धरला याने," प्रणवची बायको अनुष्का म्हणायची.

२

नोव्हेंबरातली सकाळ होती आणि पाळी शंतनूची होती.

"धरलं?"

"धरलंय भिया." इंदुरात भाऊचा भिया होतो.

बहिरी मात्र हलायला तयार नव्हती. पंख साफ करणं, मान खाजवणं, सगळं सावकाश चाललं होतं. शंतनूचे खांदे भरून आले. मग ती एकदम सुटली, कारखान्याला वळसा घालून रस्त्याच्या बाजूला उतरली, आणि शंतनू तिच्यामागे कॅमेरा वळवत गेला. अंग पुढे झुकलं. मागून पट्टा ताणला गेला, कमरेला चार बोटांची हाडं टेकल्याचं त्याला नीट कळलं. त्या भरवशावर तो आणखी झुकला.

फोटो झाले. खाली बघितलं तर त्याच्या बुटांची टोकं गच्चीच्या बाहेर होती.

"बास, सोड आता," तो हसत म्हणाला.

हात लगेच सुटला नाही. जरा थांबून, एकेक बोट काढून घेतल्यासारखा सुटला. शंतनू मागे वळला. मागे कोणी नव्हतं. प्रणव गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या दारापाशी उकिडवा बसून थर्मासमधून चहा ओतत होता.

"तू कधी गेलास तिकडे?"

"कधीचा! बोललो ना तुला, रुक जरा, चाय काढतो. तू हूं केलंस."

"मी हूं केलं?"

"केलंस ना यार." मग प्रणवने वर बघितलं आणि त्याच्या हातातला कप कलंडला. "अरे, तू त्या किनाऱ्यावर काय करतोयस? मरशील ना! इधर आ पहले."

शंतनू मागे आला. चहा प्यायला. प्रणव बराच वेळ स्वतःलाच शिव्या देत होता, पट्टा सोडून गेलोच कसा म्हणून. कोणीतरी धरलं होतं, एवढे तीन शब्द तेव्हाच बोलून टाकायला हवे होते. पुढे शंतनूला हे फार वाटत राहिलं.

३

दिवसभर माल तपासणाऱ्या माणसाचं डोकं घरी आल्यावरही तपासतच राहतं. शंतनूने कारणं मांडून पाहिली. दोन हिवाळे कोणीतरी पट्टा धरतंय, म्हणजे सवय लागली असणार. दात पडला तरी जीभ तिथे जातेच. नाहीतर कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा हूक कमरेत अडकला असेल. थंडीने पाठ आखडली असेल. यातलं एकेक कारण चांगलं होतं. सगळी मिळून मात्र त्याला पुरेना.

पुढच्या रविवारी त्याने पाळी आल्यावर मुद्दाम लक्ष ठेवलं. प्रणव मागे उभा होता, चांगला चिकटून, आदल्या वेळच्या धसक्याने.

"धरलं?"

"धरलंय बाबा, धरलंय. आता देव आला तरी सोडत नाही."

प्रणवचा हात गरम होता, थर्मास धरलेला. त्या हाताच्या शेजारी, किंचित पुढे, दुसरा एक हात पट्ट्यात शिरला. हा गार होता. शंतनूने कॅमेरा एका हातात तोलून डावा हात मागे नेला. प्रणवची बोटं लागली. त्याच्या शेजारी नुसता पट्टा लागला, चामडं आणि शिवण, आणि तरी कमरेवरचा दाब हलला नाही.

"काय शोधतोयस?" प्रणवने विचारलं.

"खाज आली."

खरं सांगायचं तर पुढेपुढे त्याला ते आवडायला लागलं. इथे आपल्याला पडू न देणारं काहीतरी आहे, ही भावना कोणाला नको असते? तो बिनधास्त काठाशी जायचा. त्याच्या फोटोत बहिरीचे पंख पुरे यायचे, डोळ्याभोवतीचं पिवळं कडं दिसायचं. प्रणव काठ बघून बिचकायचा आणि त्याच्या फोटोत अर्धा पंख कापला जायचा. "तू तर उस्ताद निकला रे," प्रणव मोकळेपणाने म्हणायचा आणि ते फोटो शाळेतल्या सगळ्यांना दाखवायचा. मत्सर हा शब्द त्याला बहुतेक फक्त व्याकरणाच्या पुस्तकात भेटला होता.

४

डिसेंबरात एकदा ते बेटम्याच्या बाजूला गेले. तिकडच्या तळ्यावर बदकांमागे बहिरी येते असं कोणीतरी सांगितलं होतं. बहिरी आली नाही, बदकंही फारशी नव्हती. परतीच्या रस्त्यावर कॅमेरे डिकीत ठेवायला त्यांनी गाडी कडेला घेतली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एक दूधवाला मोटरसायकलसकट घसरला. कॅन रस्त्यावर, दूध रस्त्यावर, माणूस गाडीखाली.

प्रणव धावला. शंतनूही निघाला. निघाला म्हणजे त्याने पाऊल उचललं. तेवढ्यात डाव्या कमरेला पट्टा मागे ओढला गेला.

इथे गच्ची नव्हती, काठ नव्हता. सपाट डांबरी रस्ता, ऊन पडलेलं. शंतनू उभा राहिला. मागे डिकी उघडी होती, आत दोघांचे कॅमेरे होते. कोणीतरी इथे थांबायला हवं ना, असं त्याच्या मनात आलं. ते खोटं नव्हतं. अशी खरी कारणं माणसाला ऐनवेळी फार पटकन सुचतात.

"शंतनू! अरे ये ना, गाडी उचलायला हात लाव!"

पकड ढिली झाली. शंतनूने शरमून घाईघाईने डिकी आपटली, आणि त्याच्याच डाव्या हाताचा अंगठा तीत सापडला.

दूधवाल्याचं खरचटण्यावर निभावलं. डॉक्टर लागला तो शंतनूला. संध्याकाळपर्यंत नख जांभळं आणि मग काळं पडलं. "मदतीला निघाला आणि पेशंट होऊन आला," म्हणून प्रणवने आठवडाभर त्याला छळलं. अनुष्काने गरम हळदीचा लेप लावला आणि हे नख आता वाढून बाहेर पडेपर्यंत असंच राहणार म्हणून सांगितलं.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर शंतनू म्हणाला, "प्रणव, आज मला मागून कोणीतरी..."

"कोणीतरी काय?"

"काही नाही रे."

५

जानेवारीत बहिरी काही दिवस दिसलीच नाही. गेली असं धरून दोघं हिरमुसले होते. मग एका रविवारी धुकं विरलं आणि बाई धुराड्यावर हजर.

दोघांनाही एकच फोटो हवा होता, दोन वर्षं हवा होता. पंजा कबुतराला भिडतो तो क्षण. आजवर दोघांपैकी कोणालाच मिळाला नव्हता. पाळी प्रणवची होती.

"अंगठा दुखतोय का?" प्रणवने विचारलं. "दुखत असेल तर राहू दे. आज अपन नुसतं बघू. बघायलापण मजा येते यार."

"नाही रे. धरतो की."

"धरलं?"

"धरलंय."

आणि त्याने धरलं होतं. म्हटलं तेव्हा ते खोटं नव्हतं.

बहिरी उठली, वर चढत गेली, ठिपका झाली. कबुतरांचा थवा पत्र्यांवरून फडफडत उठला आणि नेमका गच्चीच्या दिशेने आला. वर तो ठिपका थांबला आणि पंख मिटून खाली सुटला. शंतनूचा कॅमेरा गळ्यात होता. उजवा हात आपोआप वर गेला. पण ती लेन्स एका हाताने पेलत नाही, डावा हात खालून लागतोच. इथे पडू देत नाही कोणी, असं त्याच्या मनात आलं. मला नाही पडू दिलं, तर याला का पडू देईल?

त्याने बोटं सोडली. एकेक करून, हळूच, प्रणवला कळू नये म्हणून. मग मोकळी जागा हवी म्हणून तो बाजूला सरकला.

बहिरी डोक्यावरून आली. तिच्याबरोबर प्रणव वळला, तोंड आभाळाकडे, पाठ काठाकडे, एक पाऊल मागे, आणखी एक. शंतनूला कॅमेऱ्यातून सगळं दिसलं, पिसन् पीस, ताणलेला पिवळा पंजा. मग दुसऱ्या डोळ्याच्या कडेला प्रणव बुटका होताना दिसला.

पुढचं शंतनूला आठवतं ते असं. त्याने कॅमेरा सोडला, हात पुढे केला, ओरडला. प्रणवची टाच सुटली होती, तो हात झाडत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा चेहरा होता. मध्ये अंतर दोन पावलांचं. शंतनू झेपावला, आणि मागून पट्टा असा खेचला गेला की पोटात श्वास अडकला. आजवर कधी नव्हती इतकी घट्ट पकड. त्याला जागचं हलता आलं नाही.

खाली पत्रा फुटल्याचा आवाज झाला. कबुतरं सगळीकडे उडाली.

६

प्रणव वाचला. शेडच्या पत्र्याने जीव वाचवला, पाठीचा कणा नाही वाचवला. कमरेखाली काही जाणीव उरली नाही.

शुद्धीवर आल्यावर त्यानेच सगळ्यांना सांगितलं. "शंतनूने बहुत कोशिश केली. पट्टा हातातून निसटला त्याच्या. अंगठा फुटलेला होता ना." ही गोष्ट त्याच्या डोक्यात कोणी घातली कोण जाणे. शंतनूने घातली नव्हती. त्याने ती खोडली नाही, इतकंच. दवाखान्याच्या व्हरांड्यात अनुष्काने त्याचा तोच अंगठा दोन्ही हातांत धरला आणि ती रडत म्हणाली, "दादा, तुमची काही गलती नाही. मनाला लावून घेऊ नका." तिने एक मुस्काटात दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तो रोज संध्याकाळी कंपनीतून थेट लालबागच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घरी जायचा. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायचा. आज सांगायचंच, असं ठरवून यायचा. सांगायला म्हणून पुढे झुकला की कमरेला बोटं शिरायची. त्याने पट्टा बांधणं सोडलं, नाडीची पँट घालायला लागला. काही फरक पडला नाही. नुसतं कापड मुठीत गोळा व्हायचं. आपल्याला खरंच कोणी धरतं की आपणच थांबतो, हे त्याला त्या गच्चीवर कळलं नव्हतं आणि या खुर्चीतही कळत नव्हतं. जाणून घ्यायची हिंमत होत नव्हती, हे जास्त खरं.

त्या दिवसापासून त्याने स्वतःचा कॅमेरा उघडला नव्हता. तो कपाटात होता, आतल्या फोटोंसकट.

७

रंगपंचमीला सगळं शहर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर लोटलं होतं. ढोलांचा आवाज लालबागपर्यंत येत होता. अनुष्काने शंतनूच्या कपाळाला गुलाल लावला, थोडा प्रणवच्या गालाला लावला. प्रणव फार दिवसांनी खुशीत होता.

"अनु, दादाला ते दाखव ना."

त्याचा कॅमेरा पडून फुटला होता, पण आतलं कार्ड शाबूत निघालं होतं. इतके दिवस त्याने त्याचं नाव काढलं नव्हतं. परवा स्वतःच मागितलं. अनुष्काने लॅपटॉप पलंगावर ठेवला आणि ती एकेक फोटो पुढे सरकवायला लागली. आभाळ. आभाळ. बहिरीचा पुसट पंख. पाण्याच्या टाकीचा कोपरा.

"तोल गेला ना, तेव्हा कॅमेरा खाली आला," प्रणव म्हणाला. "बोट मात्र बटणावरच राहिलं. आता पुढचा बघ. जिंदगीतला सगळ्यात शार्प फोटो यार, आणि त्यात आला कोण? तू!"

शंतनूने बघितलं. गच्चीच्या मधोमध तो उभा होता. डोळ्याला कॅमेरा, दोन्ही हात कॅमेऱ्यावर, मान वर. पुढे केलेला हात कुठेच नव्हता. तोंडही मिटलेलं होतं.

"हे नाही, हे बघा दादा," अनुष्का म्हणाली आणि तिने फोटो मोठा केला. "तुमच्या कमरेला. कोणाचा तरी हात आहे."

डाव्या अंगाला पट्टा ताणलेला होता. चार बोटं आत गेलेली, म्हणून दिसत नव्हती. अंगठा बाहेर होता. शंतनूच्या मागे कोणी नव्हतं, मोकळी गच्ची होती आणि टाकी होती. अंगठ्याचं नख काळं होतं.

शंतनूने डावा अंगठा मुठीत घेतला. नखावरचा काळा डाग आता अर्ध्यावर चढला होता. अजून काही महिने, मग कापून टाकता आला असता.

"वर तिसरं कोणी होतं?" अनुष्काने विचारलं.

"असेल कोणीतरी," प्रणव म्हणाला. "बरंच झालं ना. याला तरी कोणी धरलं."

अनुष्काने फोटो पुन्हा लहान केला. "पण दादांचे दोन्ही हात तर कॅमेऱ्यावर आहेत," ती हळूहळू म्हणाली. "मग तुला कोणी धरलं होतं?"

बाहेर ढोल वाजत होते. कोणीतरी गल्लीतून ओरडत पळत गेलं.

"अनु, चाय टाक ना," प्रणव म्हणाला. "अद्रकवाली."

ती उठली. दारात थांबून तिने एकदा दोघांकडे बघितलं आणि आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. प्रणव छताकडे बघत होता. मग त्याने मान वळवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, शंतनूने फार शोधला तरी नव्हता. दोन हिवाळे, दर रविवारी, प्रत्येक झेपेनंतर तो ज्या उत्सुकतेने विचारायचा, तसंच त्याने विचारलं.

"तुझा फोटो कसा आला रे? दाखवलाच नाहीस."

प्रणवला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. शंतनूला खुर्चीतून खाली उतरायचं होतं, पलंगाच्या कडेला डोकं टेकायचं होतं, अनुष्का चहा घेऊन यायच्या आत सगळं बोलून टाकायचं होतं. तो पुढे झुकला. डाव्या कमरेला चार बोटं आत सरकली.

पलंग खुर्चीपासून हातभर लांब होता. प्रणवने आपला हात पुढे केला होता, आणि तो तसाच उघडा थांबला होता.